नवव्या वेशीची स्वच्छ प्रत

ताईंच्या कार्यालयात चोरी होत होती आणि जागेवरून काहीच हललेलं नव्हतं. पुस्तकांचे खोके मोजून जेवढ्यास तेवढे, फाशांचा डबा भरलेला, खर्डे दोरी बांधून कपाटात. जात होती ती फक्त गुपितं. पैसा गेला तर निदान पोलिसात तरी जाता येतं. गुपित गेल्याची तक्रार कुठे करायची, हे ताईंना कळत नव्हतं.

कार्यालय म्हणजे लाँड्रीच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खालच्या इस्त्र्यांमुळे इथली फरशी बाराही महिने कोमट असायची, आणि येणारा प्रत्येकजण पाच मिनिटांत चपला काढून बसायचा. बाहेरच्या खोलीत पुठ्ठे, चिकटपट्ट्या, पत्त्यांच्या चिठ्ठ्या. आतल्या खोलीत एकच भलंमोठं टेबल. याच टेबलावर 'अकरा वेशी' हा खेळ गेली वीस वर्षं तयार होत होता, मोडत होता आणि पुन्हा तयार होत होता.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, चारपाच चांगली मोठी माणसं टेबलाभोवती बसतात आणि एकेक सोंग घेतात. कुणी लढवय्या, कुणी जादूगारीण, कुणी भुरटा चोर. एकजण सूत्रधार होतो आणि समोर काय दिसतंय ते सांगतो. दार उघडलं की नाही, राक्षस मेला की नाही, हे फासे ठरवतात. आणि फाशांनी ते कसं ठरवायचं हे ताईंचं पुस्तक ठरवतं. ज्यांचं घरात मांजरसुद्धा ऐकत नाही अशी माणसं इथे तीन तीन तास राक्षसांना दम भरतात, आणि हलक्या मनाने घरी जातात.

या धंद्यात पुस्तक छापलं म्हणून सुटका होत नाही. खेळणारे मुलखाचे चिकित्सक. पान अठ्ठावन्नवर आंधळा असलेला बुटका पान नव्वदवर नकाशा कसा वाचतो, अशी पत्रं येतात, आणि बरोबरच असतात. म्हणून दर चार महिन्यांनी चार पानांचं दुरुस्तीपत्रक निघायचं आणि पाचसहा वर्षांनी नवी आवृत्ती. सध्या चौथीचं काम चालू होतं. तिसऱ्या आवृत्तीने निम्मे चाहते रुसवले होते. चौथी पडली असती तर खेळ संपला असता. त्यामुळे काय बदलणार हे छापून येईपर्यंत बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा ताईंचा कडक दंडक होता. एकटा बदल बाहेर आला की लोक त्याची चिरफाड करतात, सगळे एकत्र आले तर पुस्तक म्हणून वाचतात.

आणि नेमके एकेकटे बदल बाहेर यायला लागले. चाहत्यांची इंटरनेटवर एक चर्चेची जागा होती. तिथे 'जुना फासा' असं नाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं, की नव्या आवृत्तीत विष चढलेला माणूस लगेच मरणार नाही, त्याला तीन फेऱ्या मिळतील. ताईंनी ते खर्ड्यात दहा दिवसांपूर्वी लिहिलं होतं. पंधरवड्याने घुबडमाणसांचा बदल आला, मग जादूगाराच्या मोडक्या काठीचा. प्रत्येक वेळी तंतोतंत, आणि प्रत्येक वेळी खाली दोनदोनशे लोकांची हाणामारी.

खर्डा बघणारी माणसं तीन. पहिला चित्रकार. तो राक्षस काढायचा आणि दिवसभर फोनवर कुजबुजायचा. दुसरे मास्तर, म्हणजे मुद्रितं तपासणारे निवृत्त शिक्षक. ते खर्डे पिशवीत घालून घरी न्यायचे आणि पिशवीला गाठ मारायचे. पूर्वी ताईंना ती गाठ नीटनेटकेपणाची वाटायची, आता ती लपवाछपवीची वाटायला लागली. तिसरा धाकटा, ताईंचा सख्खा भाऊ. तो नकाशे काढायचा. त्याच्यावर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण खेळ मुळात त्याच्यामुळेच जन्मला होता. तो आठ वर्षांचा असताना पाय मोडून प्लास्टरमध्ये पडला होता, आणि त्याला अंथरुणात थोपवून धरायला चौदा वर्षांच्या ताईंनी अकरा वेशींच्या राज्याची गोष्ट रचली होती. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर त्याने त्या राज्याचा पहिला नकाशा काढला होता.

संशय एकदा घरात आला की पाहुण्यासारखा राहत नाही, मालकासारखा राहतो. ताई डोळ्यांत तेल घालून बसू लागल्या. चित्रकार फोन घेऊन जिन्यात गेला की त्या उगाच जिन्यातला दिवा तपासायला जायच्या. तो दातांच्या डॉक्टरची वेळ ठरवत होता असं त्यांच्या कानावर आलं, पण दातांच्या नावाखाली काय काय बोलता येतं हेही त्यांना ठाऊक होतं. मास्तर एकदा खोकले तर कुणाला खूण केली म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, आणि सगळ्यांना ते दिसत होतं.

शेवटी ताईंनी सापळा लावायचं ठरवलं, आणि ते फक्त धाकट्याला सांगितलं. नवव्या वेशीचं प्रकरण तयार होत होतं. चित्रकाराच्या प्रतीत त्यांनी एक खोटा नियम घुसवला, की नवव्या वेशीचा राक्षस मेला की मारणाराही जागच्या जागी मरतो. मास्तरांच्या प्रतीत दुसरा, की या वेशीत जो पडला तो कुठल्याही जादूने पुन्हा उठत नाही. दोन्ही इतके भयंकर, की ज्याच्या हाती लागतील त्याला बोंब मारल्याशिवाय राहवणार नाही. जो नियम बाहेर येईल, त्या प्रतीचा धनी चोर. धाकट्याला स्वच्छ प्रत मिळाली, नकाशा खोट्यावरून काढता येत नाही म्हणून.

धाकट्याला हे आवडलं नव्हतं. आपल्याच पुस्तकात आपणच खोटं लिहायचं हे काही खरं नाही, असं तो म्हणाला. सरळ बसवून विचारावं, असंही म्हणाला. ताईंनी त्याला वेड्यात काढलं. चोर कधी विचारल्यावर सांगतो का?

मास्तरांनी प्रत तिसऱ्याच दिवशी परत केली. खोट्या नियमाशेजारी त्यांनी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे तुम्हीच लिहिलंय ना? तुमचं वाटत नाही.' ताईंनी ते दोनदा वाचलं आणि ठरवलं की माणूस दिसतो त्यापेक्षा बेरकी आहे. चित्रकाराने मात्र मेलेला राक्षस आणि मेलेला मारणारा असे दोघे एकाच चित्रात झोकात काढून आणले, आणि एवढा उत्साह निर्दोष माणसाला कुठून येतो, असं त्यांना वाटलं.

बारा दिवसांनी जुन्या फाशाने नवव्या वेशीबद्दल लिहिलं. राक्षस भर दुपारी झोपणार, पकडलेल्यांना गाणं म्हणून सुटता येणार, आणि वेशीला मागच्या बाजूने आणखी एक वाट असणार. तिन्ही नियम खरे. मारणारा मरतो, पडलेला उठत नाही, यातलं अवाक्षरही नव्हतं.

ताईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. हिशेब सरळ होता. ज्याने हे लिहिलं त्याच्यापुढे स्वच्छ प्रत होती, आणि स्वच्छ प्रत एकाकडेच होती. सापळा कुठे आहे हेही त्या एकालाच माहीत होतं. सरळ विचार असं तो का म्हणत होता, तेही आता उमगल्यासारखं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. चोर सापडल्याचा आनंद होतो असं लोक म्हणतात, ताईंना मात्र तो काही झाला नाही.

दुपारी मास्तर आणि चित्रकार जेवायला बाहेर गेले तेव्हा त्या आतल्या खोलीत गेल्या. धाकटा टेबलावर वाकून नवव्या वेशीच्या नकाशाला शाई करत होता. डावीकडची झाडं, दगड, नदी पूर्ण झाली होती. ताईंनी छापून आणलेला कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सापळ्याचा सगळा हिशेब एका दमात ऐकवला. त्याने कागद वाचला. त्याचा चेहरा पडला नाही की चढला नाही.

"तू मला विचारतेयस की सांगतेयस?" तो म्हणाला.

"सांगतेय."

"मग माझ्या बोलण्याला जागाच ठेवली नाहीस."

त्याने नीब फडक्याने पुसलं, दौतीला झाकण लावलं, लेखण्यांची पेटी काखेत मारली. चपला घातल्या. ताईंना वाटलं तो भांडेल, निदान आई-वडिलांची शपथ तरी घेईल, म्हणजे आपल्याला ती खोटी ठरवता येईल. तो जिना उतरला. नदी कागदाच्या मध्यावर येऊन थांबलेली होती. ताईंना त्याचा फार राग आला, आणि त्या रागानेच त्यांना पुढचे चार महिने कामाला उभं ठेवलं.

उरलेला नकाशा चित्रकाराने पूर्ण केला. आवृत्ती निघाली, आणि नशिबाने चालली. रुसलेले परत आले, नव्या लोकांनी टेबलं मांडली. फक्त एक गोष्ट चाहत्यांच्या डोळ्यांतून सुटली नाही. नवव्या वेशीच्या नकाशात डावीकडच्या झाडांच्या सावल्या उजवीकडे पडतात आणि उजवीकडच्या झाडांना सावलीच नाही, हे कसं? श्रेयाच्या पानावर 'नकाशे' या शब्दापुढे या वेळी 'कार्यालयीन' असं का छापलंय? ताईंनी या प्रश्नांना उत्तर दिलं नाही. जुना फासाही त्या काळात गप्पच होता, आणि ताईंना तो शेवटचा पुरावा वाटला. घरभेदी गेला, गळती थांबली.

मग पहिल्या दुरुस्तीपत्रकाची वेळ आली. एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ताईंना दुसऱ्या वेशीचा नावाडी आठवला. तो पलीकडे नेण्याच्या बदल्यात माणसाची सगळी आठवण काढून घेतो. त्यांनी हातातली चादर पिळता पिळता ठरवलं, की हे फार होतं. त्याने एकाच दिवसाची आठवण घ्यावी, आणि दिवस कुठला हे प्रवाशाने ठरवावं. बरं वाटलं. कामाच्या गडबडीत हे लिहायचं राहून गेलं. कुणाला सांगितलंही नाही.

पाचव्या दिवशी जुन्या फाशाने लिहिलं, की नावाडी आता एकाच दिवसाची आठवण घेणार. दिवस कुठला, हे बहुधा प्रवासी ठरवणार.

ताईंनी आधी कपाटाचं कुलूप बदललं. मग त्यांच्या लक्षात आलं, की कपाटात तो कागद नाहीच, कारण कागदच नाही. आपण झोपेत बोलतो का, असं त्यांनी शेजारणीला विचारलं; भिंतीपलीकडून मला काय कळणार, असं शेजारीण म्हणाली. गच्चीवर त्या दिवशी कोण होतं तेही आठवून पाहिलं. दोन कबुतरं होती. शेवटी संशय घ्यायला जगात कुणी उरलं नाही तेव्हा ताई खुर्चीत बसल्या, आणि त्यांचे हात गार पडले. फरशी कोमट होती, हात गार.

वर्षभरात जी एकच गोष्ट केली नव्हती ती त्यांनी त्या दुपारी केली. जुन्या फाशालाच लिहून विचारलं, तुम्ही कोण. दहा मिनिटांत उत्तर आलं. नाव, दुकानाचा पत्ता, आणि खाली 'सकाळी दहा ते एक. बुधवारी बंद.'

तो घड्याळजी होता. फळीएवढं दुकान, काचेखाली उघडी पडलेली घड्याळं, डोळ्याला भिंग. साठीचा असेल. ताईंना ओळखताच त्याने भिंग काढलं आणि आनंदाने स्टूल पुसलं. मग त्याने खणातून एक जाड फाईल काढली. अठरा वर्षांतली सगळी दुरुस्तीपत्रकं, ओळीने टाचलेली, समासात त्याचं बारीक अक्षर. आपण दर रविवारी सहा जणांना घेऊन खेळतो, कुणाचं पात्र कुठे अडतं ते लिहून ठेवतो, चर्चेत लोक कुठे कुरकुरतात तेही लिहून ठेवतो, असं त्याने सांगितलं. ताईंनी विचारलं, की पण खर्डा कुणी दाखवला?

"कुणी कशाला दाखवायला हवा?" त्याला प्रश्नच कळला नाही. "घड्याळ चार वेळा उघडलं की पाचव्यांदा कुठे अडणार ते न उघडता कळतं. एका चुकीसाठी कुणाचं सगळंच जावं हे तुम्हाला बघवत नाही. अठरा वर्षं तुम्ही तेच दुरुस्त करताय. नवं पुस्तक खेळून बघेपर्यंत मी गप्प होतो. नावाड्याबद्दल या वर्षी सात जणांनी रडगाणं गायलं. मी म्हटलं, आता नावाड्याची पाळी."

ताईंनी विचारलं, की मग अंदाज म्हणून का नाही लिहिलं. घड्याळजी ओशाळला. अंदाज म्हणून लिहिलं असतं तर कुणी वाचलं असतं, असं तो म्हणाला. सुरुवातीला दोनतीन चुकलेही होते, ते त्याने गुपचूप पुसून टाकले होते. शेवटी त्याने भीतभीत विचारलं, काही त्रास तर नाही ना झाला? ताई नाही म्हणाल्या. एवढं बोलून त्या उठल्या, तेव्हा तो पुस्तकावर सही मागत होता. त्यांनी सही केली, आणि थेट धाकट्याच्या घरची वाट धरली.

धाकटा आता पाणीखात्याच्या कंत्राटदाराकडे पाइपांचे नकाशे काढत होता. ताई त्याच्या घरी पोचल्या तेव्हा तो टेबलावर कामच करत होता. भावजयीने दार उघडलं, या म्हणाली, आणि चहा टाकते म्हणून जी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. ताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गच्ची, नावाडी, घड्याळजी, फाईल. माझं चुकलं, म्हणाल्या. फार चुकलं, म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते अडवलं नाही.

धाकट्याने खुर्ची पुढे सरकवली. बस म्हणाला. मग त्याने विचारलं, "आणि घड्याळजी सापडला नसता तर?"

ताईंना खोटं बोलता आलं असतं. तो जिना उतरला त्या दिवसापासून मला झोप नव्हती, असं काहीतरी. खरं म्हणजे झोप चांगली लागत होती.

"नसते आले," त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली. त्याला राग आलेला दिसला नाही, आणि तेच ताईंना जड गेलं. तो म्हणाला, की खरं बोललीस हे बरं केलंस. ताई म्हणाल्या, परत ये, पाचवी आवृत्ती तुझ्याशिवाय होणार नाही, नवव्या वेशीचा नकाशा मी पुन्हा छापते, सगळ्या प्रती परत मागवते. बोलता बोलता त्या राक्षसाला विनवणाऱ्या खेळाडूसारख्या एकेक गोष्ट देऊ करत गेल्या.

"ताई, तू माफी मागितलीस, ती मी घेतली," तो म्हणाला. "पण आता तिथे काही हरवलं, फुटलं, बाहेर गेलं, की मी आधी तुझ्या तोंडाकडे बघणार. तू कुणाकडे बघतेस ते. तू नाही बघितलंस तरी मला वाटेल, मुद्दाम नाही बघितलंस. पहिल्यांदा तुला माझा संशय होता. आता मला तुझा आहे. असं बघत बघत नकाशा काढता येत नाही गं."

चहा आला. तिघांनी घेतला. भावजयीने विचारलं, दगदग फार होते का, आणि ताई म्हणाल्या होते थोडी. पाइपांचा नकाशा टेबलावर पसरलेला होता. ताईंनी सवयीने त्यावर नजर फिरवली. रेघ त्याचीच होती, पण सावली कुठेच नव्हती, पाइपांना लागत नाही.

तो बसथांब्यापर्यंत पोचवायला आला, नेहमी यायचा तसा. वाटेत त्याने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. बस आली तेव्हा त्याने हात देऊन त्यांना चढवलं आणि पोचलीस की कळव म्हणाला. ताई खिडकीपाशी बसल्या. सगळं गेलेलं नाही, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. माणूस भाऊ म्हणून उरलाय, फक्त कामातून गेलाय. घरी पोचताच त्यांनी पिशवी न ठेवता फोन केला. बराच वेळ वाजला. मग भावजयीने उचलला, आणि म्हणाली, बरं झालं पोचलात, मी सांगते त्यांना.